पुरुषांची खोली: दिवाणखान्यापासून ‘जेंट्स स्टडी’पर्यंत

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जरा घरगुती आहे. म्हणजे सुरुवात घरातून आहे, मग आपण लंडनला जाऊ, जबलपूरला जाऊ, पुण्याच्या वाड्यात जाऊ, आणि शेवटी परत नाशिकला येऊ. नाशिकला का, ते आधी सांगतो.

माझ्या दादाने नाशिकला फ्लॅट घेतला. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, आणि शिवाय एक छोटी खोली. दहा बाय अकराची असेल. इंटिरियरवाल्याने नकाशा काढून दिला आणि त्या छोट्या खोलीवर लिहिलं, ‘जेंट्स स्टडी, क्लासिक’. सोबत चित्र. गर्द हिरवी भिंत, अक्रोडी रंगाचं लाकूड, बटणं ठोकलेला तपकिरी चामड्याचा सोफा, हिरव्या काचेचा पितळी दिवा, कोपऱ्यात पृथ्वीचा गोल, आणि ट्रॉलीवर काचेची उंची सुरई. दादा पीत नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. पण चित्र बघून तो खूष झाला, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडलं.

वहिनी हिशेबाची कामं घरून करते. गेली सहा-सात वर्षं जेवणाच्या टेबलावर. जेवायची वेळ झाली की लॅपटॉप, फायली, चष्मा सगळं उचलून फ्रिजवर ठेवायचं, जेवण झालं की परत मांडायचं. तिने चित्र बघितलं आणि म्हणाली, “छान आहे हो. मग माझी कुठली?”

रात्री दादाचा फोन. “तू इतिहासाचं काहीबाही बोलत असतोस ना? मग सांग, यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? रंग आणि फर्निचरच तर आहे.”

दादा, हा भाग म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फोनवर मावलं नसतं.

घराचे दोन भाग

१८६४ साली रॉबर्ट केर नावाच्या स्कॉटिश वास्तुतज्ज्ञाने इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ सरळच, ‘सद्गृहस्थाचं घर’. सुखवस्तू इंग्रज माणसाने घर कसं बांधावं, कुठली खोली कुठल्या दिशेला, नोकरांचा जिना कुठे, सगळं त्यात आहे. आणि त्यात खोल्यांना चक्क स्वभाव आहेत. ड्रॉइंग रूम बाईची, म्हणून ती उजळ, नाजूक, हलक्या रंगाची. जेवणाची खोली मात्र पुरुषी वळणाची, भारदस्त, गंभीर. ग्रंथालय, बिलियर्ड्सची खोली, कामकाजाची खोली आणि धूम्रपानाची खोली हा सगळा पुरुषांचा पट्टा.

आता यातली गंमत बघा. जेवणाची खोली पुरुषी का? तिथे तर सगळेच जेवायचे. पण जेवण झालं की बायका उठून ड्रॉइंग रूममध्ये जायच्या आणि पुरुष टेबलाशीच बसून मद्य घेत राजकारण बोलायचे. म्हणजे खोलीचा स्वभाव ठरायचा तो शेवटी कोण उठतं आणि कोण बसून राहतं यावरून.

आज आपण ज्याला ‘क्लासिक मॅस्क्युलिन’ म्हणतो, तो साधारण या काळात घट्ट झाला. पण त्यातली एकेक वस्तू कुठून आली हे बघायला लागलं की वेगळंच दिसतं. बऱ्याच गोष्टींमागे पुरुषपणा नाहीच. धूर आहे.

धुराची खोली

इंग्लंडात तंबाखू जुनीच. पण १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात इंग्रज सैनिक तुर्कांच्या बरोबरीने लढले आणि तुर्की तंबाखूची, सिगारेटची सवय घेऊन परतले. तिकडे राणी व्हिक्टोरियाला धुराचा तिटकारा. भल्या घरांत बायकांसमोर ओढणं असभ्य. मग करायचं काय? वेगळी खोली. तीही बाकी घरापासून लांब, जमलंच तर वर, म्हणजे वास खाली येणार नाही.

श्रीमंतांनी याचं टोक गाठलं. वेल्समधल्या कार्डिफ किल्ल्यात १८६९ ते १८७३ या काळात विल्यम बर्जेस या वास्तुतज्ज्ञाने तरुण मार्क्विस ऑफ ब्यूटसाठी घड्याळाचा मनोरा बांधला. त्यात धूम्रपानाच्या दोन खोल्या, एक हिवाळ्याची आणि अगदी माथ्यावर एक उन्हाळ्याची. सोन्याचा मुलामा, रंगीत फरशा, छताला झुंबर. विडी ओढायला दोन ऋतूंच्या दोन खोल्या!

धुराच्या खोलीत कपडेही बदलायचे. मखमलीचं जाड जाकीट आणि गोंड्याची टोपी घालून बसायचं, म्हणजे वास अंगरख्याला आणि केसांना लागत नाही. हेच सामानाच्या बाबतीत. कापडी गाद्या-पडद्यांत वास मुरतो, चामडं पुसता येतं. शिवाय शहरात घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या आणि गॅसचे दिवे. काजळी बसणार. फिका रंग महिन्यात मळतो, गर्द हिरवा, गर्द लाल, तपकिरी रंग ती काजळी पोटात घालतो. म्हणजे दादा, तुझ्या चित्रातली गर्द भिंत ही मूळची मळखाऊ भिंत आहे.

आता एक शब्द. या धूम्रपानाच्या खोल्या सजवायची फॅशन होती तुर्की. जमिनीलगतच्या लांब गादीच्या बैठका, पितळी तबकं, हुक्के. त्या बैठकीला इंग्रज म्हणायचे ‘डिव्हान’. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचं सिम्पसन्स हे प्रसिद्ध भोजनगृह १८२८ साली सुरू झालं ते ‘ग्रँड सिगार डिव्हान’ या नावाने. तिथे सिगार ओढत, कॉफी पीत लोक बुद्धिबळ खेळायचे.

डिव्हान. ओळखीचा वाटतोय ना? फारसीतला ‘दीवान’. मूळ अर्थ वही, दफ्तर. मग ते दफ्तर जिथे चालतं ती कचेरी, तिथला अधिकारी तो दिवाण, तिथला न्याय तो दिवाणी. आणि त्या दरबारात भिंतीलगत ज्या बैठकीवर लोक बसायचे तिलाही तोच शब्द चिकटला. तुर्कस्तानातून तो युरोपात सोफा होऊन गेला, आणि आपल्याकडे दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी फारसीतून दिवाणखाना होऊन आला. आपल्या आजोबांचा दिवाणखाना आणि लंडनच्या सिगारवाल्याचा डिव्हान सख्खे नाही तरी चुलत भाऊ नक्कीच आहेत. याच्याकडे आपण परत येणार आहोत.

बटणं, चामडं आणि महोगनी

बटणांच्या सोफ्याला म्हणतात चेस्टरफील्ड. अठराव्या शतकातल्या लॉर्ड चेस्टरफील्डने कपड्यांना सुरकुती न पडता ताठ बसता यावं म्हणून तो बनवून घेतला, अशी गोष्ट दुकानदार हमखास सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा मात्र नाही. बटणांचं खरं कारण सोप्पं आहे. १८२० च्या दशकात इंग्लंडात बैठकीत गुंडाळ्या स्प्रिंगा घालायची पेटंटं निघाली. स्प्रिंगांवर घोड्याच्या केसांचं जाड भरण. बसून बसून ते भरण सरकतं, एकीकडे गोळा होतं. ते जागच्या जागी राहावं म्हणून आरपार दोरा ओवून बटणाने घट्ट खेचायचं. आपल्याकडे गादीवाला गादीला मधे मधे टाके घालून गोंडे लावतो की नाही? तेच काम.

लाकडाची गोष्ट एवढी निष्पाप नाही. १७२१ साली ब्रिटिश संसदेने अमेरिका खंडातल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचं आयात शुल्क काढलं, आणि जमैकाची महोगनी लंडनच्या सुतारांकडे धो धो यायला लागली. लाल-तपकिरी, कीड न लागणारं, कोरीव कामाला लोण्यासारखं लाकूड. ही झाडं जंगलात शिरून तोडायची कोणी? आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी. जमैकातली मोठी झाडं संपत आली तसा धंदा होंडुरासच्या किनाऱ्याकडे सरकला. तिथेही तोडणारे गुलामच. ‘गर्द, भारदस्त लाकूड’ असं कॅटलॉगमध्ये वाचताना हे कुठे लिहिलेलं नसतं.

ही सगळी सामग्री एकत्र दिसायची ती लंडनच्या क्लबांत. रिफॉर्म क्लबची इमारत १८४१ ची, चार्ल्स बॅरीने बांधलेली, तोच तो ब्रिटिश संसदेच्या इमारतीचा वास्तुतज्ज्ञ. उंच पुस्तकांची कपाटं, चामड्याच्या खुर्च्या, शेगडी, वर्तमानपत्रं आणि शांतता. पुरुषांना ही जागा इतकी आवडली की घरातल्या आपल्या खोलीलाही त्यांनी क्लबचं रूप दिलं. बायकांना या रिफॉर्म क्लबने सभासदत्व दिलं १९८१ साली. आणि त्या परंपरेत तो लवकरच म्हणायचा, कारण गॅरिक क्लबने २०२४ च्या मे महिन्यात मतदान करून बायकांना दार उघडलं. दोन हजार चोवीस, बरं का.

हिंदुस्थानातून गेलेलं सामान

आता यात आपला हात किती? बराच.

कंपनीचे आणि पुढे राणीचे अधिकारी छावण्यांमधून फिरायचे. त्यांना घडी होणारं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारलेलं, पेटीत भरता येणारं सामान लागायचं. आज ‘क्लासिक’ म्हणून ज्या पितळी कोपऱ्यांच्या पेट्या महागात विकतात, त्या मूळच्या बैलगाडीतले धक्के खाण्यासाठी केलेल्या. रुडकीच्या लष्करी अभियंत्यांच्या छावणीवरून नाव पडलेली ‘रुडकी खुर्ची’ तर फारच हुशार वस्तू. चार पाय, आडव्या दांड्या, चामड्याचे किंवा कॅनव्हासचे पट्टे. खिळा नाही, सरस नाही. उंचसखल जमिनीवर ठेवली तरी ती आपोआप बसते. १९३३ साली डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने तिच्यावरून ‘सफारी खुर्ची’ केली आणि ती आधुनिक फर्निचरच्या इतिहासात जाऊन बसली.

बिलियर्ड्सच्या खोलीचंही तसंच. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या अधिकारी मेसमध्ये पावसाळ्यात कंटाळलेल्या लोकांनी टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू टाकले आणि स्नूकर जन्मला. त्याचं श्रेय जातं नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याला. पुढे पंतप्रधान झाला तो वेगळा, गफलत करू नका. आणि ते चेंडू कशाचे? हस्तिदंताचे. एका सुळ्यातून चेंडू निघायचे मोजकेच. हस्तिदंत इतकं महागलं की १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या एका बिलियर्ड्स कंपनीने पर्यायासाठी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. त्या खटपटीत जॉन हायट सेल्युलॉइडपर्यंत पोचला. म्हणजे प्लॅस्टिकच्या जन्मात पुरुषांच्या खोलीचा हात आहे.

मुंबईत याच काळात शिसवीचं कोरीव फर्निचर जोरात होतं. पाश्चात्त्य घाटाची टेबलं, सोफे, लिहायची मेजं, आणि त्यावर आपल्या कारागिरांची वेलबुट्टी, पक्षी, सिंहाचे पंजे. युरोपीय लोक घ्यायचे, पारशी घरांतही ते गेलं. जुन्या पारशी घरात जाण्याचा योग आला तर त्या खुर्च्यांचे हात बघा.

आणि क्लब? भायखळा क्लब १८३३ चा. मुंबईतल्या या मोठ्या युरोपीय क्लबांत हिंदी माणसाला सभासद म्हणून दार बंद. हातात ट्रे असेल तर उघडं. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनच्या पुढाकाराने दोघांना खुला असा क्लब निघायला पहिल्या महायुद्धाची अखेर उजाडली. तर दादा, ज्या खोलीचं चित्र बघून तू आणि मी खूष झालो, त्या खोलीच्या मूळ आवृत्तीत तू आणि मीसुद्धा बसू शकलो नसतो.

आपला दिवाणखाना

पण “हे सगळं इंग्रजांचं” म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

मराठी वाड्याची रचना आठवा. दिंडी दरवाजा, देवडी, मग पहिला चौक, ओसरी, सोपा, सदर. हा बाहेरचा, पुरुषांचा भाग. आत माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, मागचा चौक, विहीर. हा बायकांचा. आणि वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, दिवाणखाना. नक्षीचे सुरूचे खांब, वर केळफुलांची नक्षी, खांबाखांबांमध्ये कमानी, छताला हंड्या-झुंबरं. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा आहे, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. तिथल्या रस्त्याकडच्या सज्जाचं लाकूडकाम बघितलं तर अंदाज येतो.

फर्निचर म्हणाल तर जवळपास काहीच नाही. जाजम, त्यावर गालिचा, गाद्या, लोड, तक्के. पानाचं तबक, पिकदाणी, अत्तरदाणी. सगळं जमिनीलगत. कोण मोठा हे खुर्चीच्या उंचीवरून कळायचं नाही, कोण लोडाला टेकलाय आणि कोण जाजमाच्या कडेला बसलाय यावरून कळायचं. सावकार, शास्त्री, कारभारी, पाहुणे, गवई यांची ही जागा. घरातली बाई तिथे यायची ती झाडायला-सारवायला, नाहीतर सणाला. गाणं असलं तर चिकाच्या पडद्याआडून ऐकायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खोलीत खुर्ची-टेबल शिरलं. वकील, मुन्सफ, प्रोफेसर झालेल्या माणसाला कागद लिहायचे होते, साहेब भेटीला आला तर बसवायचं होतं. मग लोड-तक्क्यांची बैठक एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला लांब हातांची वेताची आरामखुर्ची, कायद्याच्या पुस्तकांचं काचेचं कपाट, भिंतीवर घड्याळ. माझ्या मते मराठी माणसाची ‘क्लासिक’ खोली हीच. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांच्या घरी तिचं शेवटचं रूप होतं: बाहेरची खोली, आजोबांची आरामखुर्ची, आणि त्या खुर्चीत दुसरं कुणी बसायचं नाही हा न लिहिलेला नियम. आमच्या आजीला त्या खुर्चीत बसलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. आजोबा गेल्यावर ती खुर्ची बारा वर्षं रिकामी होती. आजी शेजारी जमिनीवर पाट घेऊन भाजी निवडायची.

वरची खोली आणि खालचं माजघर

याच काळातली पुण्यातली एक खोली मला फार महत्त्वाची वाटते. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचं दुसरं लग्न झालं. ते एकतिशीतले, रमाबाई अकरा वर्षांच्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या दबावाखाली कुमारिकेशी लग्न केलं म्हणून टीकाही झाली, आणि ती रास्त होती. पण त्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतलं. रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक १९१० साली आलं. त्यात त्यांचा दिवस कसा दोन मजल्यांत वाटलेला होता ते दिसतं. दिवसभर खाली घरातल्या मोठ्या बायकांमध्ये कामं करायची, आणि दिवसाच्या शेवटी वर नवऱ्याच्या खोलीत जाऊन धडा घ्यायचा. वर शिकल्याबद्दल खाली टोमणे खायचे. या मुलीने पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं आणि शेकडो बायकांच्या शिक्षणाची सोय केली.

आता बघा, त्या वरच्या खोलीत काही बदललं होतं का? पुस्तकं तीच, दिवा तोच, भिंती त्याच. एक माणूस आत आला होता, बसला होता, आणि त्याच्यासमोर पुस्तक उघडलं गेलं होतं. खालच्या मजल्याला खटकलं ते एवढंच.

याच्या उलट उदाहरण लंडनचं. थॉमस कार्लाइल हा मोठा लेखक. शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो यांनी त्याचं डोकं उठायचं. १८५३ साली त्याने चेल्सीच्या घरावर दुहेरी भिंतींची, वरून उजेड येणारी आवाजबंद खोली चढवली. बांधकामाचा राडा सोसला आणि कारागिरांना हाताळलं ते बायकोने, जेनने. स्वतः जेन अफलातून पत्रं लिहायची, इंग्रजीतल्या उत्तम पत्रलेखकांत तिचं नाव घेतात. तिच्यासाठी मात्र अशी खोली कुणी बांधली नाही. आणि कार्लाइलच्या खोलीचं काय झालं? आवाज थांबला नाहीच. बारा-एक वर्षं कुरकुरत त्याने तिथे काम केलं, मग ती सोडली आणि पुढे तिथे मोलकरीण झोपायला लागली.

हे ‘क्लासिक’ झालं कधी?

एखादी गोष्ट क्लासिक होते ती बहुधा तिचं काम संपल्यावर. १८९७ साली इडिथ व्हार्टन या अमेरिकन लेखिकेने ऑग्डेन कॉडमनबरोबर घरसजावटीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी नोंदवलंय की तुर्की बैठका-हुक्क्यांची धूम्रपानाची खोली आता घराची गरज राहिली नाही, तिची जागा घरमालकाच्या आरामाच्या खोलीने घेतलीय. म्हणजे धूर गेला, खोली उरली.

आणखी नव्वद वर्षांनी ती विकायला आली. १९८६ साली राल्फ लॉरेनने न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरच्या जुन्या ऱ्हाइनलँडर हवेलीत दुकान थाटलं. गर्द लाकडाचे जिने, जुनी तैलचित्रं, चामड्याच्या खुर्च्या. वाटावं, पिढीजात इंग्रज उमरावाच्या घरात आलो. हा राल्फ लॉरेन कोण? ब्रॉन्क्समधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातला मुलगा, वडील घरं रंगवायचे. मला यात फसवणूक दिसत नाही. ज्या खोलीत आपल्या बापाला पाहुणा म्हणून कुणी बोलावलं नसतं, ती खोली मुलाने बांधली आणि सगळ्यांना तिकीट विकलं. दादाला ते चित्र बघून जे वाटलं तेही कदाचित हेच असेल. आमचे वडील चाळीत खिडकीच्या कठड्यावर वही ठेवून ओव्हरटाइमचे हिशेब लिहायचे. त्यांना खोली नव्हतीच. म्हणून दादाला हवी आहे. हे मी विसरत नाही.

जाता जाता एक. आज पुरुषाच्या खोलीत हमखास दाखवतात ती काळ्या चामड्याची, वाकवलेल्या प्लायवुडची आरामखुर्ची १९५६ ची आहे. ती केली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी. नवरा-बायको. दोघं एकाच स्टुडिओत काम करायचे. याच जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला डिझाइनवर अहवाल दिला, आणि त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली.

मग नाशिकच्या खोलीचं काय?

आधी व्यवहाराचं, कारण तुमच्यापैकी बरेच जण तेच विचारणार.

गर्द भिंत करायची तर करा, पण खोली लहान असेल तर एकच भिंत, आणि खिडकीसमोरची नको, बाजूची. आपल्याकडे काजळी लपवायची नाहीये. दिवा एक मोठा नको, तीन लहान हवेत, त्यातला एक वाचायच्या खुर्चीच्या खांद्यामागे. मुंबई-कोकणात चामड्याच्या सोफ्याला पावसाळ्यात बुरशी येते, तिथे वेत आणि सागवान बरं. आजोबांनी वेताची खुर्ची घेतली ती काही उगाच नाही. नवं ‘अँटिक’ घेण्याआधी घरच्या माळ्यावर आणि गावच्या घरी बघा. शिसवीचं किंवा जुन्या सागाचं टेबल पॉलिश केलं की बाजारातल्या व्हिनियरच्या तोंडात मारतं. जुन्या बाजारात वाघ-बिबट्याचं मुंडकं किंवा कातडं दिसलं तर हात लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आणि काचेची सुरई हवीच असेल तर तिच्यात कोकम सरबत ठेवा.

आता दादाचा प्रश्न. “रंग आणि फर्निचरच तर आहे.” खरंय, दादा. रंगात आणि फर्निचरमध्ये काही नाही. हिरवा रंग काजळीचा होता, बटणं घोड्याच्या केसांची होती, पितळ बैलगाडीचं होतं. केरच्या घरात, क्लबात, आपल्या दिवाणखान्यात सामान दर वेळी वेगळं होतं. सारखं होतं ते दार. आणि तुझ्या नकाशावर त्या दारावर आधीच नाव लिहिलंय, लाकूड कापायच्याही आधी.

मी हे त्याला असंच बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण तिला ते गर्द हिरवं आवडेल का?”

मी म्हटलं, मला काय विचारतोस?

त्याने विचारलं. वहिनीला हिरवी भिंत आवडते. सोफा नको, त्याऐवजी खिडकीशी सहा फुटांचं टेबल हवं, दोन खुर्च्या बसतील असं, आणि तिच्या बाजूला कुलपाचा एक खण, कारण लोकांचे कागद असतात. पितळी दिवा चालेल. पृथ्वीचा गोल दादासाठी राहू दे म्हणाली. आणि आजोबांची आरामखुर्ची, जी गावच्या घरी माळ्यावर पडली होती, ती आणून वेत नव्याने विणायला दिलीय. तिच्यात कोण बसणार यावर अजून बोलणं झालेलं नाही.

इंटिरियरवाल्याने नवा नकाशा पाठवलाय. खोलीवर आता फक्त ‘स्टडी’ लिहिलंय. दर तोच लावलाय म्हणून वहिनी त्याच्याशी भांडतेय.

तुमच्या घरी अशी एखादी खुर्ची किंवा खोली होती का, जिथे बसायचा हक्क एकाच माणसाचा होता? आणि तो माणूस गेल्यावर तिथे पहिल्यांदा कोण बसलं? मला कळवा. आठवणी चांगल्या आल्या तर पुढे एक भाग त्यांच्यावरच करू.